रुमाल टाकला की सीट कोणाची?

सीट ठेवून बसलेला माणूस म्हणतो "मी जागा धरलीये" आणि त्याच्यासमोर दांडीला लटकून उभा असलेला म्हणतो "ह्यांनी जागा अडवलीये". सीट तीच, वरचा रुमालही तोच, क्रियापद तेवढं बदललं. मी दोन्ही बाजूंनी भांडलेली आहे, एकदा तर एकाच आठवड्यात, आणि दोन्ही वेळेला मला मनापासून वाटत होतं की माझंच बरोबर आहे. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढूया.

आधी माझं पाप सांगते. लहानपणी घरात सगळ्यात बारीक मीच, त्यामुळे गाडी लागली रे लागली की मोठ्यांच्या पायांमधून आत घुसून जागा धरायचं काम माझ्याकडे. टेक्निक ठरलेली होती, खिडकीशी आपण बसायचं, शेजारी दप्तर टाकायचं, त्याच्या पलीकडे चप्पल काढून एक पाय लांब करायचा आणि कोणी आलं की म्हणायचं "आई येतेय". एकदा एक आजी आल्या, हातात जड पिशवी, चांगलीच धाप लागलेली. मी म्हटलं आई येतेय. त्या म्हणाल्या, "येऊ दे की गं, ती आली की मी उठते." ह्याच्यावर काय बोलायचं ते मला कोणी शिकवलंच नव्हतं! मी पाय तसाच ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. आई आली, तिने आजींकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं, आजींना बसवलं आणि स्वतः उभी राहिली. एवढी धडपड करून जागा धरली म्हणून मी शाबासकीची वाट बघत होते आणि आई उतरेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

"ती आली की मी उठते" ह्याच्याइतकं सरळ वाक्य मी ह्या विषयावर नंतर कधी ऐकलं नाही. माणूस यायला पाच मिनिटं असतील तर ती पाच मिनिटं सीटवर रुमालाने बसायचं की धाप लागलेल्या बाईने, एवढाच तर प्रश्न आहे. पण आपण बसू देत नाही, कारण आपल्याला माहितीये की एकदा टेकलेला माणूस परत उठत नाही, "आता कुठे उठू, बघा ना" असं म्हणून तो आपल्यालाच ऑकवर्ड करतो. आणि खरं सांगायचं तर ही भीती काही खोटी नाहीये, आजींसारखं म्हणणारे दहा आणि खरंच उठणारे दोन. त्यामुळे सगळा कारभार रुमालावर येऊन थांबतो.

आता माझं मत, पटलं तर बघा. ज्याच्यासाठी जागा ठेवलीये तो गाडीत चढलेला आहे, वर सामान लावतोय, पोराला आवरतोय, तिकिटाचं बघतोय, तर ती सीट त्याचीच, ह्यात कोणी भांडत नाही आणि भांडू पण नये. तो अजून खाली आहे, गर्दीत दारापाशी अडकलाय, तर गाडी हलेपर्यंत त्याची. गाडी हलली की संपलं, मग रुमाल म्हणजे नुसता रुमाल. आणि पुढच्या स्टॉपवर चढणाऱ्यासाठी, किंवा त्याच्याही पुढच्या, "अगं मी तिसऱ्या स्टॉपला चढते, धरून ठेव ना" वाल्यांसाठी जागा ठेवणं मला अजिबात पटत नाही. कारण सोपं आहे, आत्ता जो उभा आहे तो तुमच्या मैत्रिणीच्या आधी आलाय. तो तीन स्टॉप उभा राहणार, रिकाम्या सीटकडे बघत, आणि मग ताजीतवानी आंघोळ करून आलेली कोणीतरी येऊन त्याच्या नाकासमोर बसणार. ही सरळ सरळ रांग मोडणं आहे, फक्त आधी गाडीत असलेला माणूस आतून दार उघडून देतो म्हणून ते रांग मोडल्यासारखं दिसत नाही.

रांगेवरून आठवलं. स्टॅनली मिलग्रॅम नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याचा रांगेत घुसण्यावरचा अभ्यास १९८६ साली छापून आला (तो स्वतः १९८४ मध्येच वारला होता). त्यांनी १२९ रांगांमध्ये मुद्दाम माणसं घुसवली. एकच माणूस घुसला तर साधारण ५४ टक्के वेळा कोणीतरी काहीतरी बोललं, पण दोघं घुसले की तोच आकडा ९० च्या वर गेला. मला हे वाचून एकदम गाडी दिसली. एका सीटवर एक बॅग असेल तर लोक बघतात, नाक मुरडतात, पुढे जातात. पण एकच माणूस ओढणी, पाण्याची बाटली, छत्री आणि घडी घातलेला पेपर अशी चार सीटवर प्रदर्शन मांडून बसला की अख्खा डबा त्याच्यावर तुटून पडतो, ज्याला बसायचंच नाहीये तो सुद्धा. एक सीट ठेवली तर लोक म्हणतात असेल बुवा काहीतरी अडचण. चार ठेवल्या की अडचण बाजूला राहते आणि लोकांना दिसतो तो नुसता माज.

बाकी वस्तूंची पण एक उतरंड असते हां. मी बरीच वर्षं निरीक्षण केलंय. पेपर सगळ्यात कमजोर, पेपर लोक उचलून चक्क वाचायला घेतात आणि बसतात. रुमालाला मान आहे पण तो उडतो, खाली पडतो, कोणीतरी "हा कोणाचा पडला का हो" असं साळसूदपणे विचारत त्याच जागेवर बसतो. बाटली घरंगळते. सगळ्यात भारी म्हणजे अंगावरची वस्तू, स्वेटर, ओढणी, जॅकेट, कारण दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा उचलायचा म्हणजे त्या माणसाला हात लावल्यासारखं वाटतं, कोणी धजत नाही. हा माझा शोध आहे असं मी समजत होते, पण रॉबर्ट सॉमर आणि फ्रँकलिन बेकर ह्या दोघांनी १९६९ मध्येच लायब्ररीतल्या टेबलांवर वस्तू ठेवून बघितलं होतं आणि त्यांनाही हेच दिसलं, की इकडेतिकडे पडलेल्या मासिकांपेक्षा कोणाचं तरी जॅकेट खुर्ची जास्त चांगली राखतं. त्यांनी अजून एक गोष्ट बघितली ती मला जास्त आवडली, ती म्हणजे शेजारी. खुर्चीचा मालक निघून गेला की शेजारी बसलेल्या माणसावर नकळत राखणदारी येते, नवा कोणी आला की तो त्यालाच विचारतो.

ही राखणदारी मी भोगलीये. लांबचा प्रवास, गाडी सुटायला वेळ होता, शेजारच्या सीटवर एका बाईंनी हिरवी शाल टाकली आणि म्हणाल्या "जरा बघा हं, आलेच". मी मान हलवली. बस्स, मान हलवली हा माझा गुन्हा. पुढची पंधरा-वीस मिनिटं मी त्या शालीची वकील. "इथे कोणी आहे?" "हो." "कुठे गेलेत?" मला काय माहीत कुठे गेलेत! "येतायत." एक जण म्हणाला "तुमच्याबरोबर आहेत का?" मी म्हटलं नाही. "मग तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे मी बसलो तर?" आता ह्यात मुद्दा होता, पण मी शब्द दिला होता ना, त्यामुळे मी एका अनोळखी बाईसाठी, जिचा चेहरा पण मला नीट आठवत नव्हता, चार लोकांशी वाकडेपणा घेतला, एका काकांना उभं ठेवलं. आणि बाई आल्या त्या थेट पुढच्या दाराने, पुढेच त्यांना खिडकी मिळाली, तिथे बसल्या आणि हात करून मला म्हणाल्या "ताई, ती शाल तेवढी इकडे पास करा ना!" काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. तेव्हापासून मी कोणाची जागा बघत नाही, सरळ सांगते, "मी सांगेन तुम्ही ठेवलीये म्हणून, पण भांडणार नाही". लोकांना राग येतो, येऊ दे.

सगळ्यात चीड आणणारा प्रकार मात्र वेगळाच, ज्यात कोणी यायचंच नसतं. बॅग मैत्रिणीसाठी नाही, नवऱ्यासाठी नाही, फक्त शेजारी कोणी बसू नये म्हणून. एस्थर किम नावाच्या एका संशोधिकेने अमेरिकेत लांब पल्ल्याच्या बसमधून प्रवास करून करून हेच टिपलं, तिचा पेपर २०१२ मध्ये आला. त्यातल्या युक्त्या वाचून मला हसूच आलं, नजर टाळायची, कानात इअरफोन घालायचे, झोपेचं सोंग घ्यायचं, मोठी बॅग शेजारी ठेवायची, नाहीतर बाहेरच्या सीटवर बसून खिडकीची रिकामी ठेवायची म्हणजे समोरच्याला ओलांडून जायचा कंटाळा येतो, आणि काहीच चाललं नाही तर सरळ खोटं सांगायचं की इथे कोणीतरी आहे. हे खोटंच ह्या सगळ्याचं वाटोळं करतं. कारण त्यामुळे ज्याचा म्हातारा बाप खरंच मागून जिना चढत येतोय त्याच्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

रिकाम्या गाडीत बॅग ठेवा की, पाय पसरा, कोण विचारतंय. न्यूयॉर्कच्या सबवेचा, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचा, नियमच आहे तसा, एकापेक्षा जास्त सीट अडवायची नाही, पण कधी, तर बाकीच्या प्रवाशांना त्याचा त्रास होत असेल तेव्हा. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. बॅग ठेवणं हा गुन्हा नाही, पहिला माणूस उभा राहिला की ती उचलली नाही हा गुन्हा. आणि उचलायची ती त्याने विचारायच्या आधी. नुसती वर नजर करून बॅग मांडीवर घेतली की काम झालं, तोंडातून एक शब्द काढायला लागत नाही.

पण उभे असलेले आपण तरी कुठे विचारतो? मनातल्या मनात शिव्या घालत चार स्टॉप उभे राहू, घरी जाऊन सगळ्यांना सांगू, पण "इथे कोणी आहे का?" हे चार शब्द घशातून बाहेर येत नाहीत. वर सांगितला त्या मिलग्रॅमचीच सासू एकदा म्हणाली होती की हल्ली तरुण पोरं गाडीत जागा देत नाहीत, तर ह्याने विचारलं तुम्ही मागितली का, आणि सासूबाई ह्याच्याकडे वेड्यासारख्या बघायला लागल्या. मग त्याने १९७० च्या दशकात विद्यार्थ्यांना सबवेत पाठवलं, धडधाकट माणसांनी बसलेल्याकडे जायचं आणि काहीही कारण न देता त्याची सीट मागायची. ६८ टक्के लोकांनी उठून किंवा सरकून जागा दिली! गंमत पुढे आहे, "मला उभं राहून पुस्तक वाचता येत नाही" असं फुसकं कारण दिलं की देणारे ४२ टक्क्यांवर आले. कारण न देता मागितलं की लोकांना वाटतं ह्याला बरं नसेल, कारण दिलं की ते कारण तपासायला लागतात. आणि मिलग्रॅम स्वतः मागायला गेला तेव्हा त्याचे शब्द घशात अडकले, आणि सीट मिळाल्यावर तो इतका ओशाळला की आजारी असल्यासारखाच बसून राहिला.

मी स्वतः प्रॅक्टिस करून एवढं शिकलेय की "बॅग उचला" म्हणायचं नाही, "इथे कोणी येतंय का?" असं विचारायचं. पहिल्यात समोरचा चोर ठरतो आणि मग तो भांडतो, दुसऱ्यात त्याला "नाही नाही, बसा ना" म्हणून चांगलं व्हायचा चान्स मिळतो. आणि रुमाल आपण उचलून बाजूला टाकायचा नाही, कितीही राग आला तरी. त्याच्याच हाताने उचलू द्यायचा.

एवढं सगळं ज्ञान पाजळून आता मागच्या मंगळवारचं सांगते. मैत्रिणीचा फोन आला, पुढच्या स्टॉपला चढतेय, पाय मुरगळलाय गं, जागा धर. पाय मुरगळलाय म्हटल्यावर माझे नियम गेले खड्ड्यात, मी शेजारी पर्स ठेवली. एक माणूस आला, चाळिशीचा असेल, शर्ट पाठीला चिकटलेला, म्हणाला "कोणी येतंय का?" अगदी मी शिकवल्यासारखं विचारलं त्याने. मी म्हटलं हो, पायाला लागलंय तिच्या. तो म्हणाला "असू दे असू दे" आणि तिथेच दांडी धरून उभा राहिला. स्टॉप आला, माणसं चढली, ती नाही. फोन वाजला, "अगं सॉरी, रिक्षा मिळाली, तू जा पुढे". मी पर्स घाईघाईने मांडीवर घेतली आणि त्याला म्हटलं, "दादा, बसा ना, नाही येत ती." तो हसला, म्हणाला, "नको, मला आता पुढेच उतरायचंय." मग पुढचा स्टॉप येईपर्यंत मी मांडीवर पर्स घट्ट धरून बसले होते, तो उभा होता, आणि मधली सीट तशीच रिकामी.