तुम्ही विचारलंत म्हणून: कुस्कोला जाऊनही माचू पिचू का पाहिले नाही

"कुस्कोपर्यंत जाऊन माचू पिचू न बघता परत आलात?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, भिशीत विचारला गेला आहे आणि पेरू देशाच्या सहलीची तयारी करणाऱ्या ओळखीपाळखीच्या लोकांनी फोनवरही विचारला आहे. आजवर मी "यांची तब्येत बिघडली" एवढेच सांगत आले. त्यावर बहुतेकजण म्हणतात, "बरोबर आहे, अजून वर चढायचं असेल ना." तसे नाही. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच आहे, आणि माचू पिचू सुमारे २,४३० मीटरवर. तिथे जायला आम्हाला जवळजवळ हजार मीटर खाली उतरायचे होते. माझ्या यजमानांना उंचीचा त्रास झाला तो वरच्या शहरात, आणि त्या शहरात आधी मुक्काम करायचा हे मी ठरवले होते.

सहलीची आखणी करून देणाऱ्या बाईंनी सुचवले होते की विमानतळावरून थेट उरुबांबाच्या खोऱ्यात उतरा, तिथल्या ओयांतायतांबो गावी दोन रात्री झोपा, माचू पिचू करा आणि कुस्को शेवटी ठेवा. मी ते मानले नाही. कुस्कोला माचू पिचूच्या वाटेवरचे स्टेशन समजणाऱ्यांचा मला राग येत असे, आणि अजूनही येतो. स्पॅनिश येण्याआधी तिथे राज्य करणाऱ्या इंकांची ती राजधानी. १५३३ साली स्पॅनिश सैन्य तिथे शिरले आणि पुढे कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींवरच सांतो दोमिंगोचा मठ उभा राहिला. १९५० च्या भूकंपात वरच्या मठाची पडझड झाली, खालच्या इंका भिंती मात्र टिकून राहिल्या. ते शहर मला ताज्या मनाने, सर्वांत आधी पाहायचे होते. ही इच्छा चुकीची होती असे मी आजही म्हणणार नाही.

शिवाय लेहचा अनुभव गाठीशी होता. लेहची उंची साधारण तेवढीच आणि तिथे आम्हाला काहीही झाले नव्हते, म्हणून डॉक्टरांनी उंचीच्या त्रासासाठी लिहून दिलेल्या गोळ्या पाकिटातच राहिल्या. पण लेहला आम्ही श्रीनगरहून गाडीने, कारगिलला मुक्काम करून, हळूहळू चढलो होतो. पेरूची राजधानी लिमा मात्र समुद्रकाठी, आणि तिथून विमान दीड तासाच्या आत तुम्हाला अशा ठिकाणी आणून सोडते जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांश असतो. हे सगळे मी वाचले होते, वहीत उतरवलेही होते. तरी दुसऱ्याच दिवशी सकाळी शहरावरच्या साक्सायवामान या इंका गढीची चढण आणि दुपारी शहर, असा बेत मी आखला.

दुपारी आम्ही हातुन रुमियोक या गल्लीत होतो. बारा कोनांचा प्रसिद्ध दगड तिथल्या भिंतीत आहे. चुन्याशिवाय तो असा बसवलेला आहे की सांध्यात सुरीचे पातेही जाणार नाही. मी वळून पाहिले तर यजमान समोरच्या भिंतीला तळवा टेकवून, मान खाली घालून उभे होते. मला वाटले, भारावले आहेत. मी फोटो काढला. ते म्हणाले, "आता हॉटेलवर जाऊ या." मी म्हटले, "अहो, कॅथेड्रल पाच मिनिटांवर आहे." आणि आम्ही कॅथेड्रलला गेलो.

रात्री दीडच्या सुमारास ते उशा रचून बसलेले दिसले. आडवे होता येत नव्हते. खोकला सुटला होता, ओठ निळसर दिसत होते, आणि टेबलावरच्या कपात कोकाच्या पानांचा चहा तसाच गार पडला होता. हॉटेलच्या मुलाने रक्तातला ऑक्सिजन मोजणारे, बोटाला लावायचे यंत्र आणले. त्यावर ६४ आकडा उमटला. मी यंत्र काढून स्वतःच्या बोटाला लावले, कारण ते बिघडले असावे असे मला मनापासून वाटले. माझा आकडा ८८ आला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फुप्फुसात पाणी साचू लागल्याचे सांगितले आणि रात्रभर ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनसह आम्ही विमानाने लिमाला उतरलो. तिथे दोन दिवसांत ते समुद्रकाठी फिरू लागले. माचू पिचूची तिकिटे नावाची आणि ठरावीक वेळेची असतात. आमची वेळ त्याच दिवसांत टळून गेली.

हा आजार धडधाकट तरुणांनाही होतो, असे डॉक्टर म्हणाले होते. त्या वाक्याचा मी पुष्कळ आधार घेतला आहे. काही दिवस तो पुरतो. मग तो फोटो समोर येतो, ज्याला नातेवाइकांनी "काय सुंदर टिपलंय" म्हटले होते.

कोणी आखणी विचारली, तर मी आता त्या बाईंचेच म्हणणे सांगते: आधी खोऱ्यात उतरा, कुस्को शेवटी ठेवा. सांगताना मात्र दरवेळी वाटते की त्या शहराला मी पुन्हा रांगेत मागे ढकलते आहे.

गेल्या दिवाळीत यजमानांनी सहज सांगितले की लेहलाही पहिल्या रात्री त्यांचे डोके फुटत होते, झोप लागली नव्हती, माझा हिरमोड नको म्हणून ते बोलले नाहीत. मी त्यांच्यावर फार चिडले. आता त्यांना पुन्हा जायचे आहे. एकदा झालेला हा त्रास पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. ते म्हणतात, या वेळी खालून सुरुवात करू. मी अजून हो म्हटलेले नाही.