पान नंबर 214

आमचं तालुक्याच्या गावचं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. मी ग्रंथपाल, म्हणजे देवघेवही मीच बघते, वर्गणीच्या पावत्याही मीच फाडते, आणि शिपाई रजेवर असला की कुलूपही मीच उघडते. गेल्या 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, सकाळी भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घातला आणि पुस्तकं बाद करायला बसले. मुहूर्त मुद्दाम काढलेला नव्हता. वरची खोली अभ्यासिकेसाठी रिकामी करून हवी होती. स्पर्धा परीक्षेच्या पोरांच्या फीवरच आता आमचं विजेचं बिल निघतं.

कमिटीने निकष सोपा ठेवला होता. शेवटचं पान उघडायचं, तारीखपत्रक बघायचं. 2016 नंतर शिक्का नसला की पुस्तक पोत्यात.

काम कंटाळवाणं, पण तारीखपत्रकं वाचायला मला आवडतात. एका रहस्यकथेला तीन पत्रकं एकावर एक चिकटवलेली होती. 1991 साली ती बहुतेक कपाटात टेकलीच नसावी. दर सात-आठ दिवसांनी जांभळा शिक्का, मधूनच एखादा उलटा पडलेला. आधीच्या ग्रंथपाल बाई सांगायच्या, संध्याकाळी सहाला बायकांची इथे रांग लागायची. 1999 ला टीव्हीवर अल्फा मराठी चॅनल सुरू झालं आणि रांग विरळ झाली. पत्रकावरही ते दिसतं, आठवड्याच्या जागी महिने येतात. 2016 ला मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, त्यापुढे बऱ्याच पत्रकांवर काहीच नाही. लॉकडाऊन उठल्यावर माणसं पुस्तकांना आसुसून येतील असं मला वाटलं होतं. काही आली, अनामत परत मागायला.

दुपारी अभ्यासिकेतला एक मुलगा वर आला. "मॅडम, खाली ते काका बसतात ना पेपर वाचत, ते रोज पुस्तकाचे फोटो काढतात. पानच्या पानं."

काका म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर. वय पंचाहत्तरीच्या पुढे. रजिस्टरप्रमाणे त्यांनी कित्येक वर्षांत एकही पुस्तक घरी नेलेलं नाही. मी त्यांना पेपरवाल्यांत धरायची. बोलू नंतर, म्हणून मी पोती भरत राहिले.

साडेचारला काकाच कठड्याला धरत वर आले.

"ताई, ऐतिहासिकमधलं माझं पुस्तक कुठं गेलं?"

"कुठलं?"

"हिरव्या रेक्झिनचं. पाठीवरचं नाव पुसलंय बघा. 214 पर्यंत आलोय."

तिसऱ्या पोत्यात सापडलं. साडेसहाशे पानांची कादंबरी, शेवटचा शिक्का मार्च 2013 चा. मी पत्रक त्यांच्यापुढे धरलं. "काका, बारा वर्षांत हे कुणी नेलेलंच नाही."

"नेत नाहीच मी. एवढं धूड छातीवर घेऊन झोपता येतं का?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. गॅलरीत ओळीने पानंच पानं, जराशी तिरकी, प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा. दोन बोटांनी त्यांनी एक पान ताणलं आणि 'घोडदळ' हा एकच शब्द सगळ्या स्क्रीनभर पसरला. मोतीबिंदू काढला तरी बारीक टाइप दिसत नाही, म्हणाले. दिवसाला वीस पानं टिपायची, रात्री वाचायची.

"दिवा लावला की नातू उठतो. ह्याचा उजेड पांघरुणात मावतो."

"आणि फोटो साठवून ठेवता?" कॉपीराइटचा मुद्दा माझ्या अगदी तोंडाशी आला होता.

"छे हो. वाचून झालं की पुसायचं. गुड मॉर्निंगवाल्यांनी मेमरीत जागा ठेवलीय कुठं?"

कॉपीराइट मी गिळला. दर 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, मी शाळेत जाऊन मोबाइलने वाचन कसं संपवलं यावर भाषण करते. चांगलं पाठ आहे मला ते. पहिल्या बाकावरची पोरं तेव्हा गुमान ऐकतात, कारण मोबाइल शाळेत आणायला बंदी आहे. इथे पोत्यातून काढलेलं पुस्तक काखेत मारून काका खाली गेले, आणि मी भरलेल्या पाच पोत्यांकडे बघत बसले. ज्या पत्रकांच्या जिवावर ती भरली होती त्यांना फक्त घरी नेलेलं पुस्तक कळतं. इथेच, कपाटाशी उभ्याने चाळलेलं, टेबलावर ठेवून फोटो काढलेलं त्यांना कळत नाही.

"सोड सगळी," शिपायाला म्हटलं. तो वैतागलाच, सुतळ्या नुकत्याच बांधून झाल्या होत्या.

या वेळी पत्रक उघडलं नाही. पुस्तकाच्या माथ्यावरून बोट फिरवायचं. बोटाला धुळीचा थर आला तर परत पोत्यात, बोट कोरडं निघालं तर बाजूला. अंधार पडेपर्यंत सहा निघाली. एका पाककृतींच्या पुस्तकात हळदीचा ठसा होता, तो जुनाही असेल. पण एका ललित लेखसंग्रहात मध्येच एसटीचं तिकीट खुणेला घातलेलं होतं. छपाई अजून पुसट झालेली नव्हती, तारीख जुलैमधली.

मी ते घेऊन खाली गेले. काका पानं टिपण्यात गुंतले होते.

"माझं नाही," ते मान वर न करता म्हणाले. "मला पास आहे."