५२४ नमुने, पण मेंदू किती?

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात प्रोजेक्टसाठी मी ‘ब्रेनस्पॅन’चा डेटा घेतला. माणसाचा मेंदू गर्भापासून वाढत जातो तेव्हा कुठलं जनुक कधी, किती चालू असतं, याच्या या नोंदी. फुकट डाउनलोड होतात. फाईल उघडली तर ५२ हजारांवर ओळी, एकेक ओळ म्हणजे एकेक जनुक, आणि ५२४ रकाने, एकेक रकाना म्हणजे मेंदूच्या तुकड्याचा एकेक नमुना. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला.

पहिला आठवडा नुसत्या वयातच गेला. वय दिलेलं होतं ‘८ पीसीडब्ल्यू’, ‘४ मंथ्स’, ‘४० इयर्स’ असं. पीसीडब्ल्यू म्हणजे गर्भधारणेनंतरचे आठवडे. मी भाबडेपणाने सॉर्ट केलं, तर ११ वर्षांचं पोर १२ आठवड्यांच्या गर्भाच्या पुढे जाऊन बसलं! शेवटी सगळ्यांचं वय गर्भधारणेपासूनच्या दिवसांत मोजलं, जन्म ३८व्या आठवड्याला धरला आणि लॉग घेतला. नाहीतर ४० वर्षांच्या अक्षावर पोटातले सगळे महिने एका कोपऱ्यात चेंगरतात.

मग प्रत्येक जनुकाला वयानुसार वळणारी रेषा, म्हणजे स्प्लाइन, बसवली. बघावं ते जनुक ‘सिग्निफिकंट’, म्हणजे वयानुसारचा बदल निव्वळ योगायोग नाही असं सांगणारं! हरखून गाईड मॅडमकडे गेलो. त्यांनी आलेखांकडे पाहिलंही नाही.

“नमुने ५२४. मेंदू किती?”

४२. एकेका मेंदूचे सरासरी बारा-तेरा तुकडे. कुठला कॉर्टेक्सचा, कुठला सेरिबेलमचा. दाता एकच, मृत्यूही एकच, त्यामुळे जनुक किती चालू आहे हे ज्यावरून मोजतात त्या आरएनएची अवस्थाही बरीचशी सारखी. एकाच घरातल्या तेरा जणांची साक्ष मी तेरा परक्यांची म्हणून मोजत होतो. दात्याला रँडम इफेक्ट म्हणून घेतलं, म्हणजे एका मेंदूचे तुकडे एकमेकांसारखे असणार हे हिशेबात धरणारं मिक्स्ड मॉडेल चालवलं, आणि माझे ‘सिग्निफिकंट’ निकाल जमिनीवर आले. कोवळ्या चेतापेशींचं जनुक डीसीएक्स जन्मानंतर उतरतं आणि मायलिनचं, म्हणजे चेतातंतूंवरच्या वेष्टनाचं, जनुक एमबीपी चढतं, हे मात्र तसंच टिकलं. जिवात जीव आला.

एमबीपीची रेषा जन्माच्या आसपास इतकी सुरेख चढत होती की मी ती मुखपृष्ठावरच टाकणार होतो. मॅडमनी तिच्यावर पेन्सिल टेकवली. “इथला एक ठिपका दाखव.” दाखवता येईना. ३७ आठवड्यांच्या गर्भानंतरचा नमुना थेट चार महिन्यांच्या बाळाचा. मधला पूल स्प्लाइनने आपल्या मनाने बांधला होता.

तेवढ्या पट्ट्यात रेषा तुटक केली. बाइंडिंगवाल्याने विचारलं, “साहेब, प्रिंटरची शाई संपत आलीय का?”