०.१८ वरून ०.३१

सारंगखेड्याच्या यात्रेत मनगटावर 'आई' गोंदून घेतलं ते दीड वर्षापूर्वी. आम्ही चौघं मित्र घोडेबाजार बघायला गेलो होतो, एकमुखी दत्ताचं दर्शन झालं, भजी खाल्ली आणि मग एकाला हुक्की आली की चला आपण पण गोंदू. गोंदणाऱ्यापुढे एक स्टीलची वाटी होती, त्यात हिरवट काळं पाणी, माझ्या आधीच्या माणसाचं झालं की त्याने मशीनची सुई त्या वाटीत बुडवली, फडक्याला पुसली आणि माझा हात ओढला. तेव्हा काहीच वाटलं नाही. वाटलं ते तीन आठवड्यांनी, घसा बसला, ताप आला आणि एसटी स्टँडवरच्या एड्सच्या बोर्डावर सुईचं चित्र दिसलं.

खानदेशात जानेवारीत निम्म्या गावाचा घसा बसलेला असतो हे मला माहीत नाही असं नाही. पण रात्री दोन वाजता मोबाईल हातात घेऊन लक्षणं वाचणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार.

सहा आठवड्यांनी प्रायव्हेट लॅबमध्ये एचआयव्हीची कॉम्बो टेस्ट केली, ज्यात शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी आणि पी२४ अँटीजेन, म्हणजे विषाणूचंच एक प्रथिन, दोन्ही बघतात. रिपोर्टवर ०.१८, खाली लिहिलेलं की १ च्या आत नॉन रिॲक्टिव्ह. आता हा शब्दच बघा, निगेटिव्ह का नाही लिहीत सरळ? नॉन रिॲक्टिव्ह म्हणजे आहे पण रिॲक्ट झालं नाही असं तर नाही ना, यावर मी अख्खा रविवार घालवला. नऊ दिवस शांत झोपलो, मग विंडो पिरियड, म्हणजे लागण झाली तरी टेस्टमध्ये दिसत नाही तो सुरुवातीचा काळ, त्याबद्दल वाचलं आणि परत सुरू.

तीन महिने झाल्यावर सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात गेलो. तिथे टेस्ट फुकट असते, नाव गुप्त ठेवतात, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. नॉन रिॲक्टिव्ह. समुपदेशक ताई म्हणाल्या, तीन महिन्यांनंतरचा रिपोर्ट पक्का धरायचा, आता परत यायचं काम नाही. ही शांती चार दिवस टिकली. माझं आडनाव तालुक्यात पाचशे जणांचं असेल, रक्ताची नळी बदलली असली तर?

सहा महिन्यांनी परत प्रायव्हेट. ०.३१. झालं! ०.१८ चे ०.३१ म्हणजे वाढतंय, असा हिशोब मी बाईकवर बसून केला आणि अमळनेरला न जाता उलटा फिरून परत ताईंकडे. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, दादा, १ च्या खाली ०.१८ काय नि ०.३१ काय, मशीनमध्ये इतका फरक पडतोच, तो आजाराचा आकडा नाही. मग विचारलं, "अजून किती टेस्ट केल्या म्हणजे तुमचं समाधान होईल? आकडा सांगा, मी लिहून घेते." मला आकडा सांगता आला नाही.

अजून एक गंमत. त्यांनीच विचारलं, हिपॅटायटिस बी आणि सी तपासलं का? सुईतून ते एचआयव्हीपेक्षा कितीतरी सोपं पसरतं, बी चा विषाणू तर शरीराबाहेर सात दिवस जगतो. मी त्याचं नावसुद्धा कधी सर्च केलं नव्हतं. दोन्ही तपासले, नाही निघाले, बी ची लस सुरू केली आणि त्या आजाराची मला एका रात्रीसुद्धा भीती वाटली नाही. म्हणजे माझी भीती सुईची नव्हतीच. लोक काय म्हणतील, लग्नाचं काय, आईला काय सांगायचं, ती ही भीती. आणि त्याची टेस्ट कुठल्याच लॅबला होत नाही.

१०९७ ला, म्हणजे एड्सच्या हेल्पलाइनला, एका आठवड्यात तीनदा फोन केला हेही सांगून टाकतो. प्रश्न तोच, फक्त आवाज वेगळा लागावा म्हणून.

मे महिन्यात, पारा ४४ ला असताना, मी फुल बाहीचा शर्ट घालून फिरत होतो. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "तुन्हं तोंड काब्रं उतरेल शे?" मी म्हटलं, ऊन.

शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो, ते पण धुळ्याला, जळगावला कोणी ओळखीचं भेटेल म्हणून. गोळी दिली आणि पथ्य दिलं: टेस्ट नाही, सर्च नाही, गाठी चाचपणं नाही, शंका आली की अर्धा तास थांबायचं आणि मग बघायचं. प्रत्येक टेस्टने भीतीला खाऊ मिळतो म्हणे. डोकं पटतं म्हणतं, हात ऐकत नाही.

पाच महिने झाले, टेस्ट केली नाही. परवा मात्र दाढी करताना जबड्याखाली गाठ लागल्यासारखी वाटली. हात मागे घेतला, घड्याळ बघितलं, अर्धा तास गच्चीवर जाऊन बसलो. मग खाली येऊन एकदा चाचपलीच.