बोटाच्या कडेला

३० डिसेंबर

रिपोर्ट हातात पडून अकरा दिवस झाले. उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २६२, एचबीएवनसी ८.४. हे शेवटचं म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, एका दिवसाच्या गोड खाण्याचा तो आकडा नव्हे, असं डॉक्टरांनी समजावलं. साडेसहा किंवा त्याच्या वर गेलं की शुगर धरतात. टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं हिशेब लिहितोय, आकड्यांची मला भीती कधी वाटली नाही. या आकड्यांनी मात्र दोन रात्री झोप लागली नाही.

घरात फक्त हिला सांगितलंय. आईला नाही.

आईला अठरा वर्षं झाली शुगर होऊन. गेली पाच वर्षं इन्सुलिनवर आहे. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर तिचं अंथरूण काढताना उशीखाली रुमालात गुंडाळलेली शेंगापोळी, शेंगदाण्याचं गोड सारण भरलेली, सापडली होती. अर्धीच. पोरांच्या देखत मी ओरडलो होतो, "जीव द्यायचाय का तुला?" आई काहीच बोलली नाही. पोळी माझ्या हातात दिली, रुमालातले कण झटकले आणि त्या रुमालाची घडी घालत बसली. चार घड्या घातल्या, परत उलगडला, परत घातल्या.

शुगर होते ती जिभेवर ताबा नसलेल्यांना, असंच मला वाटायचं. आता तोच ठपका माझ्यावर येणार, आणि तो ठेवणारा माझ्या आतच बसलाय. आई-वडिलांना असली की धोका वाढतो, त्यात दिवसभर बैठं काम, सुटलेलं पोट, हे डॉक्टरांनी सांगितलं. ऐकून बरं वाटलं. पण मग आईबद्दल हे कुणी सांगितलं नव्हतं का मला? सांगितलं असणार. मी ऐकलं नसणार.

४ जानेवारी

पहिला आठवडा गोळीने फार त्रास दिला. मळमळ, पोटात गुरगुर, दोनदा काम सोडून पळावं लागलं. चूक माझीच, मेटफॉर्मिन मी उपाशीपोटी घेत होतो. जेवणासोबत घ्यायला लागल्यापासून पोट हळूहळू शांत झालंय.

जो तो सल्ला देतो. साखर सोड, गुळाचा चहा घे. गूळही साखरच, रक्तात जाऊन तेच करतो. "आपण भाकरी खाणारी माणसं, आपल्याला कशाची शुगर?" हे तर कारखान्यात चौघांनी म्हटलं. मलाही तसंच वाटायचं. मंगळवेढ्याची ज्वारी, घरची शेंगाचटणी, यात काय वाईट? म्हणून साखर मोजायचं मशीन आणून बघितलं. दोन भाकरी आणि वर भात खाऊन दोन तासांनी २३१. दुसऱ्या दिवशी एकच भाकरी, वाटीभर मेथी, दही, काकडी, भात नाही, आणि जेवून उठल्याबरोबर गल्लीत पंधरा मिनिटं चाललो. १७२. भाकरीतही पीठच आहे, ते किती खातो आणि सोबत काय खातो यावर सगळं. जेवणानंतर चाललं की स्नायू ती साखर ओढून घेतात.

दुसरी भाकरी परत टोपल्यात ठेवताना मात्र गळ्याशी आलं. एका भाकरीसाठी सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला रडू यावं? आलं. लिहून ठेवतो.

९ जानेवारी

आज आईला कळलं. म्हणजे तिला आधीच कळलं होतं.

सकाळी न्हाणीघराशेजारी पाठ करून बोट टोचत होतो. रक्त येईना, तिसऱ्यांदा टोचलं. मागून आवाज आला, "काय लपवायलास?"

मी वळलोच नाही. आई शेजारी पाटावर बसली, माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. "टोकाला नको टोचू, तिथं लई दुखतंय. कडेला टोच. आधी कोमट पाण्यानं हात धू, नीट पूस, मग बोट असं खाली सोड." तिने माझं बोट मुळापासून हलकेच दाबत आणलं आणि एका टोचण्यात मोहरीएवढा थेंब उभा राहिला. स्ट्रिपने तो ओढून घेतला. १४६.

तिच्या बोटांकडे मी आज पहिल्यांदा नीट बघितलं. कडांना बारीक काळे ठिपके, दोन्ही हातांना. अठरा वर्षं मी तिचा रिपोर्ट वाचत आलो, बोटं कधी बघितली नाहीत.

"आई, त्या दिवशी मी पोळीवरनं बोललो..." एवढंच म्हणता आलं.

"ती पोळी खायला ठिवली नव्हती रे," ती म्हणाली. "सुई घेतल्यावर रात्री मधीच घाम यायचा, हातपाय कापायचे. उठून सैपाकघरापर्यंत जाववत नव्हतं. म्हणून उशीला ठिवायची."

साखर सत्तरच्या खाली उतरली की असं होतं, आणि इन्सुलिन घेणाऱ्याला तो धोका असतो, हे आता मला माहीत आहे. अशा वेळी पोळीपेक्षा ग्लुकोजची पावडर किंवा साखरेचं पाणी लवकर लागू पडतं. पण आमच्यापैकी कुणी ते तिच्या उशाशी ठेवलं नव्हतं. रात्री घाम येतो का, हेही कुणी विचारलं नव्हतं. आम्ही डबे लपवत होतो.

संध्याकाळी ग्लुकोजचा डबा, चमचा आणि पाण्याची बाटली तिच्या उशाशी ठेवली. तिचा डोस परत बघून घ्यायला डॉक्टरांकडे जायचं, तेही ठरवलं.

१३ जानेवारी, भोगी

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला जाऊन आलो. सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, संमती कट्ट्यापाशी आले, अंगात पांढऱ्या बाराबंद्या घातलेल्या माणसांचा नुसता समुद्र होता. मी दरवर्षी अनवाणी जायचो, या वर्षी चपला घातल्या. आईने निघताना बजावलं होतं. शुगरने पाय बधिर झाल्यामुळे तिला मागे पायात काच शिरलेली दोन दिवस कळली नव्हती. सिद्धरामेश्वरांना मनातल्या मनात सांगितलं, राग मानू नका.

घरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी. मला एक भाकरी, आईलाही एक. उद्याच्या शेंगापोळीचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले होते, चतकोर पोळी खा, पण त्या जेवणातली भाकरी कमी करा. तसंच करणार.

एक गोष्ट बोचतेय. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी शुगर कळल्याबरोबर आणि पुढे वर्षातून एकदा करायची असते, नजर चांगली असली तरी, कारण सुरुवातीला काहीच जाणवत नाही. माझी सोमवारी आहे. आईला विचारलं, तुझी कधी झाली? तिला आठवेना. फाईल उघडून बघितली तर चार वर्षांपूर्वीचा कागद निघाला.

तिचंही नाव सोमवारी घातलंय. तपासणीसाठी डोळ्यांत औषध टाकल्यावर काही तास अंधूक दिसतं, दोघांनाही, म्हणून गाडी नेणार नाही. रिक्षावाल्याला सकाळी साडेनऊला यायला सांगितलंय.