त्र्यंबकच्या वहीत आत्याचं नाव

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं त्या संध्याकाळी आत्या म्हणाली, "त्र्यंबकला जाऊन उपाध्यांकडच्या वंशावळीच्या वहीत त्याचं नाव घालायला हवं. मीही येते." आत्या 75 वर्षांची आहे. गुडघे साथ देत नाहीत, एरवी ती नातेवाइकांच्या लग्नालाही जात नाही. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

पुण्याहून पहाटे निघालो. चाकण, नारायणगाव, संगमनेर मागे पडलं. आमचं मूळ गाव सिन्नर, पण आता महामार्ग गावाला बाहेरूनच वळसा घालतो. पाटी दिसली तशी आत्याने काच खाली केली आणि फाटा मागे जाईपर्यंत तिकडेच पाहत राहिली. सिन्नरला आमचं भांड्यांचं दुकान होतं, वर राहायच्या खोल्या. मी ते पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच विकलं गेलं.

त्र्यंबकला गाडीतून पाय खाली ठेवतो तोच "कालसर्प? नारायण नागबळी?" असं विचारत चौघेजण पूजेसाठी मागे लागले. मला याचा फार राग येतो. माणूस इथे येतो तो बहुतेकदा घरातलं कुणीतरी गेलेलं असतं म्हणून. त्याला निदान कुशावर्त कुंडापर्यंत शांतपणे चालू द्यावं. दर्शनाच्या रांगेत तीन तास गेले. आत्या मध्येच पायरीवर बसली, तर मागच्या एका मुलीने आपली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि रांग सरकली तशी तिला हाताला धरून पुढे आणलं. गाभाऱ्यातलं लिंग आरशातून क्षणभर दिसलं. मी त्र्यंबकला आलो होतो ते मात्र त्यानंतरच्या दोन तासांसाठी.

आमच्या उपाध्यांचं घर एका अरुंद बोळात आहे. गुरुजी माझ्याहून लहान, जेमतेम तिशीतले. "गाव? आडनाव? आजोबांचं नाव?" एवढंच विचारून ते आत गेले आणि लाल कापडात बांधलेलं बाड घेऊन आले. पानं लांबट, कडेने तपकिरी पडलेली. मी जाताना दोनच नावं घेऊन गेलो होतो, वडिलांचं आणि आजोबांचं. पणजोबांचं नाव मला ठाऊक नव्हतं. आजोबा मी बारावीत असेपर्यंत हयात होते, रोज संध्याकाळी ओट्यावर बसलेले असायचे, आणि मी त्यांना एकदाही विचारलं नाही. कुणी त्र्यंबकला निघालं असेल तर घरातल्या म्हाताऱ्यांशी आधी बोलून घ्या, एवढं कळकळीनं सांगतो.

पणजोबांची नोंद मोडीत आहे, शके 1824 ची, म्हणजे 1902 सालची. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात, त्यामुळे मला ती ओळ एका लांब धाग्यासारखी दिसली. गुरुजी बोट ठेवून वाचत गेले. पणजोबा, त्यांचे वडील, आजोबा, चुलते. दोन भावांच्या नावांमागे 'कै.' होतं. मुंबई इलाख्यात 1896 पासून प्लेगची साथ सुरू होती. गाव सोडून माणसं शेतात झोपड्या घालून राहायची, हे आत्याने तिच्या आजीकडून ऐकलं होतं. ते दोघे त्यातच गेले. शेवटी पणजोबांची सही. 'सिन्नर'चा 'र' खाली लांब ओढलेला. माझे वडीलही 'र' असाच ओढायचे.

"हे अक्षर माझ्या खापरपणजोबांचं," गुरुजी म्हणाले. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये बांधायला घेतलं आणि ते पुरं व्हायला 1786 उजाडलं. त्या काळातही आपल्या घरात वह्या लिहिल्या जात होत्या, असं ते म्हणाले. आमच्या घराने दुकान विकलं, गाव सोडलं, नावंही विसरलं. आमच्या माणसांचा हिशेब मात्र या घराने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला.

मग आजोबांची नोंद निघाली. 1956 चा सिंहस्थ. बाळबोध लिपी, निळी शाई. आजोबा, आजी, आणि पुढे 'चिरंजीव 3'. त्यात वडिलांचं नाव होतं. आत्या पुढे वाकली.

"मी होते ना त्या दिवशी," ती म्हणाली. "सहा वर्षांची. कुशावर्तात दादांनी मला खांद्यावर घेतलं होतं. माझं नाव कुठंय?"

गुरुजींनी समजावलं, आणि आवाजात कुठेही तुटकपणा नव्हता. लेकींची नावं सासरच्या उपाध्यांच्या वहीत जातात, बाई.

"माझं लग्न झालं नाही," आत्या म्हणाली. "35 वर्षं शाळेत शिकवलं. मग मी कुठल्या वहीत?"

वहीत आपलं नाव नाही, हे इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. तीन भावांपैकी दोघे त्र्यंबकला येऊन गेले होते. मी तर ही वही कधी पाहिलीच नव्हती, तरीही मला आत्याकडे बघवेना.

गुरुजींनी नवं पान काढलं आणि पेन तिच्यासमोर धरला. "तुम्हीच लिहा."

आत्याने आधी माझ्या वडिलांची नोंद लिहिली, तिथीसह. मग स्वतःचं नाव, 'शिक्षिका', 'राहणार मूळ सिन्नर'. फळ्यावर लिहायची तसं वळणदार, एकेक अक्षर सुटं. मग पेन गुरुजींकडे परत दिला. आणखी दोन नावं सांगायची आहेत म्हणाली, पण हात थरथरतोय. एक तिची मोठी बहीण, चौथ्या वर्षी देवी येऊन गेलेली. गुरुजींनी लिहिलं.

"आणि दुसरी?"

"ती माझ्या पाठची. बारशाआधीच गेली."

पेन थांबला. "मग काय लिहू, बाई?"

"मुलगी लिहा. होती ना ती."

गुरुजींनी लिहिलं. दक्षिणा किती द्यायची हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी पाकीट उघडलं तेव्हा त्यांनी आधी पान सुकू दिलं.

येताना सिन्नरच्या फाट्यावर आत्याने गाडी आत घ्यायला लावली. दुकानाची जागा तिला लगेच सापडली नाही. दोनदा गल्ली चुकली. शेवटी एका तीन मजली इमारतीसमोर थांबायला सांगितलं आणि वरच्या खिडकीकडे बोट दाखवत म्हणाली, "इथेच झाली होती ती. 12 दिवस होती. केस खूप होते."