लग्न रद्द झालेली राणी संत कशी?

वसईत आमच्या भागात चर्चमध्ये लग्न लावायचं तर आधी विवाहपूर्व शिबिर करावं लागतं. मी तिथे कधीमधी बोलायला जाते. बोलताना फ्रान्सची राणी संत झान द व्हाल्वा हिचं नाव निघालं की मागच्या बाकांवरून प्रश्न येतोच, "आपल्यात घटस्फोट चालत नाही ना? मग नवऱ्याने टाकलेली बाई संत कशी झाली?" हेच मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधली उपासना आटोपल्यावर, आवारात कुणाची तरी आई विचारते, पण आवाज खाली आणून. तेव्हा कळतं की चौकशी काही पंधराव्या शतकातल्या राणीची चाललेली नाही.

तर तुम्ही विचारलंत म्हणून.

कायद्याचं आधी उरकते. ख्रिस्तसभेच्या, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चच्या, नियमात वैध लागून पतीपत्नीचा संबंधही आलेलं लग्न मोडता येत नाही, पण एखादं लग्न मुळात वैध झालंच नव्हतं असा निर्णय धर्मप्रांताचं न्यायालय देऊ शकतं. जबरदस्ती, फसवणूक, मनाई असलेलं नातं, अशी कारणं त्याला लागतात. असा निकाल लागला की दोघंही लग्नाला मोकळे. डाग कुणावरच राहत नाही, निदान कागदावर. झानचं लग्न असंच रद्द ठरलं. मात्र ते ज्या रीतीने ठरलं ते काही शोभेचं नव्हतं.

झान ही फ्रान्सच्या अकराव्या लुई राजाची मुलगी. जन्म २३ एप्रिल १४६४. ती महिन्याचीही झाली नव्हती तेव्हा बापाने तिचं लग्न ठरवून टाकलं. मुलगा ऑर्लेआंचा लुई, त्याला अजून दोन वर्षंही पुरी व्हायची होती. ऑर्लेआं ही राजघराण्याचीच धाकटी पाती, म्हणजे थोरली पाती खुंटली तर गादीवर हक्क सांगणारी. झानच्या पाठीला बाक होता, ती लंगडत चालायची. राजाने आपल्या एका सरदाराला लिहिलं की या जोडप्याला मुलं झालीच तर त्यांना पोसायला फारसा खर्च येणार नाही. लेकीच्या व्यंगाचा उपयोग करून भाऊबंदांचा वंश बुडवायचा, असा हिशेब. भाऊबंदकीच्या गोष्टी आपण काही कमी ऐकलेल्या नाहीत, पण बापाने हे लिहून ठेवावं!

लहानपणीच तिला दरबारापासून लांब, बेरी प्रांतातल्या लिन्येरच्या गढीत वाढायला पाठवलं. ८ सप्टेंबर १४७६ ला मोंरिशारला लग्न लागलं. ती बारा वर्षांची, तो चौदाचा. त्याला हे लग्न नकोच होतं आणि त्याने ते कधी लपवलं नाही. पुढे अकरावा लुई वारला, झानचा भाऊ आठवा चार्ल्स गादीवर आला, आणि या नवरोजींनी त्याच्याविरुद्ध बंड केलं. १४८८ मध्ये लढाईत पकडला गेला, तीन वर्षं कैदेत काढली. त्या काळात भावाकडे त्याच्यासाठी रदबदली करत होती ती झानच. १४९१ मध्ये तो सुटला. सुटून तिच्याकडे नांदायला मात्र आला नाही.

एप्रिल १४९८. आंब्वाजच्या किल्ल्यात चार्ल्सचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं आणि काही तासांत तो गेला. मूल जगलेलं नव्हतं, म्हणून गादी ऑर्लेआंच्या लुईला मिळाली. तो बारावा लुई झाला आणि झान कायद्याने राणी. पण चार्ल्सची विधवा ॲन ही ब्रिटनीची डचेस होती, आणि तिच्या लग्नाच्या करारात कलम होतं की राजा निपुत्रिक वारला तर तिने पुढच्या राजाशी लग्न करावं. तसं झालं नाही तर ब्रिटनी हातातून जायची. म्हणजे झानला दूर करण्यामागे तिचं रूप हे एवढंच कारण नव्हतं. तिच्या चरित्रांत रूपाबद्दल फार लिहितात, ब्रिटनीबद्दल कमी.

ऑगस्टमध्ये तूर शहरात खटला उभा राहिला. राजाची बाजू अशी: आम्ही जवळचे नातलग आहोत, झानचा बाप माझा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून आध्यात्मिक नातंही आड येतं, लग्न मला धाक घालून लावलं, आणि आमचा पतीपत्नी म्हणून संबंध कधी आलाच नाही. राजाविरुद्ध उभं राहायला वकील धजत नव्हते. झानने सगळे मुद्दे खोडले. लग्न पूर्णत्वाला गेलं होतं, म्हणजे पतीपत्नीचा संबंध आला होता, असं तिने स्वच्छ सांगितलं. व्यंगाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाली, इतर बायकांसारखी मी देखणी आणि सुडौल नाही हे मला ठाऊक आहे, पण म्हणून मी लग्नाला अपात्र ठरत नाही. मग शरीराच्या तपासणीची गोष्ट निघाली. तिने नकार दिला, आणि वर सांगितलं की राजाने शपथेवर जे सांगावं ते मी मान्य करीन.

इथे बरेच प्रवचनकार 'पाहा, किती सोशिक!' म्हणून थांबतात. मला ते पटत नाही. एका खोलीत परक्या माणसांनी तपासण्यापेक्षा तिने सगळं ओझं त्याच्या जिभेवर ठेवलं. त्याला शुभवर्तमानावर हात ठेवून, चारचौघांत, लग्नाला बावीस वर्षं झालेल्या बायकोला मी बायको मानलंच नाही असं म्हणावं लागलं. त्याने म्हटलं. १७ डिसेंबर १४९८ ला आंब्वाजमध्ये लग्न रद्द झाल्याचा निकाल वाचला गेला, आणि जानेवारीत राजाने ॲनशी लग्न केलं.

मधल्या व्यवहाराचीही नोंद घ्यायला हवी. पोप होते सहावे अलेक्झांडर. नव्या लग्नाची परवानगी घेऊन फ्रान्सला आला तो त्यांचाच मुलगा सेझारे बोर्जिया, आणि राजाने त्याला व्हालेंतिन्वाचा ड्यूक केलं. आमच्यातले काही जण हे सांगताना अडखळतात. मी अडखळत नाही, घडलं ते घडलं.

झानला तोडगा म्हणून बेरीची जहागीर मिळाली. ती १४९९ मध्ये बूर्ज शहरात राहायला गेली आणि तिथून पुढची सहा वर्षं मला खटल्याहूनही मोलाची वाटतात. ती नावापुरती डचेस नव्हती. प्रांताचा कारभार पाहायची, प्लेग आला तेव्हा आजाऱ्यांची व्यवस्था लावली, गरीब विद्यार्थ्यांना शिकायला पैसा दिला. आणि फ्रान्सिस्कन धर्मगुरू गिल्बेर निकोला यांच्या साथीने तिने स्त्रियांचा एक नवा धर्मसंघ काढला, आनोंसियाद. देवदूताने येशूच्या आईला, मरियेला, दिलेल्या शुभवार्तेवरून हे नाव. लहानपणीच मरियेने आपल्याला तसं सुचवलं होतं, अशी तिची श्रद्धा संघाच्या परंपरेत सांगितली जाते.

काम सोपं नव्हतं. १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून नव्या संघांसाठी नवे नियम काढायला रोम नाखूश असे. झानचा नियम तर पूर्ण नवा होता, मरियेच्या दहा सद्गुणांवर बेतलेला: शुद्धता, विवेक, नम्रता, श्रद्धा, भक्ती, आज्ञापालन, गरिबी, सहनशीलता, प्रेम, करुणा. १५०२ मध्ये त्याला मंजुरी दिली ती सहाव्या अलेक्झांडर यांनीच! राखाडी झगा, खांद्यांवरून पुढे-मागे सोडलेला लाल पट्टा, पांढरं प्रावरण असा भगिनींचा वेष. मठाच्या प्रमुखीला मदर न म्हणता 'दासी' म्हणायचं, कारण शुभवार्ता ऐकल्यावर मरियेने स्वतःला प्रभूची दासी म्हटलं होतं. झानने १५०४ च्या पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला, व्रतं घेतली, पण मठात राहायला गेली नाही. जहागिरीचं काम सुटणारं नव्हतं. ४ फेब्रुवारी १५०५ ला ती गेली, वय चाळीस.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या सहा वर्षांत आहे. नवऱ्याने सोडलं म्हणून कुणाला संतपद मिळत नाही, आणि त्याच कारणाने कुणाचं अडतही नाही. अडलं ते दुसऱ्याच गोष्टींनी. १५६२ च्या कॅथलिक-प्रोटेस्टंट धर्मयुद्धात बूर्जमध्ये तिची कबर फोडून देह जाळला गेला. राज्यक्रांतीत संघाचे मठ बंद पडले, पुढे परत उभे राहिले. धन्यवादित म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीची, मान्यता मिळाली १७४२ मध्ये आणि संतपद २८ मे १९५० ला, पोप बाराव्या पायसकडून. तोही दिवस पेंटेकॉस्टचाच होता. फ्रान्समध्ये या भगिनी आजही आहेत.

राजाचं काय झालं, असा पुरवणी प्रश्नही असतोच. लुई आणि ॲन यांना दोन मुली वाढल्या, मुलगा एकही जगला नाही. १ जानेवारी १५१५ ला लुई वारला आणि गादी चुलत्याच्या वंशातल्या फ्रान्सिसकडे गेली. यावर शिबिरात कुणीतरी समाधानाने "बघा, देवाने दाखवलं" म्हणतं. मी तेवढ्यापुरतं टोकते. ॲनने दोन्ही लग्नांत मिळून कितीतरी लेकरं पुरली, आणि झानच्या खटल्यात तिच्या मताला कुणी किंमत दिली होती असं नाही. शिवाय झानने आपल्या भगिनींना लुईसाठी प्रार्थना करायला सांगून ठेवलं होतं, असं संघात मानतात.